एकाआड एक अंधार : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या विद्युत विभागाचे परिपत्रक निघाले. मुख्य रस्ते सोडून बाकी सगळ्या अंतर्गत रस्त्यांवरचे एकाआड एक दिवे बंद ठेवायचे, आणि जे चालू राहतील ते वर्षभर संध्याकाळी ७ ते सकाळी ६ एवढ्याच वेळात लावायचे, असा निर्णय झाला आहे. कारण वीजबिलाच्या बचतीचे आहे. शिवाय या रस्त्यांवर गुन्ह्यांची नोंद नगण्य असल्याचेही त्यात म्हटले आहे. बचतीबद्दल मी पुढे लिहिणारच आहे, पण हे पत्र लिहायला बसले ते या नोंदीच्या वाक्यामुळे.

मी हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात पोळी-भाजी केंद्र चालवते. माझ्याकडे काम करणाऱ्या बायका रात्री साडेआठच्या सुमारास सुटतात आणि कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याने पलीकडच्या वस्तीत चालत घरी जातात. रिक्षा परवडत नाही आणि बस त्या बाजूला जातच नाही. एका अंगाला कॅनॉल, दुसऱ्या अंगाला एका बंद पडलेल्या कारखान्याची भिंत, असा तो रस्ता आहे. परिपत्रकाआधीही तिथे उजेड बेताचाच होता. आता एक दिवा, मग लांबलचक काळोख, मग पुन्हा एक दिवा, असे झाले आहे.

या बायका तिथून कशा जातात ते सांगते. केंद्राचे शटर ओढायच्या आधी त्या मंगळसूत्र पदराखाली घेतात आणि वरून पिन लावतात. पगार झालेला असेल तर पैसे डब्यात, पोळीच्या खाली ठेवतात. कॅनॉलच्या तोंडाशी थांबून सगळ्या जमल्याशिवाय निघायचे नाही, हा त्यांचा नियम. मोबाईलची बॅटरी त्या लावत नाहीत. एक तर चार्जिंग उरलेले नसते, आणि दुसरे म्हणजे, त्यांच्यातली एक म्हणाली तसे, "ताई, बॅटरी लावली की आपल्याला पायाखालचं तेवढं दिसतं, पण समोरच्याला आपण अख्ख्या दिसतो."

दिवाळीनंतर यातल्याच एकीच्या गळ्यातले मंगळसूत्र मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ओढले. गाडीचा दिवा बंद होता, त्यामुळे आवाज आला तेव्हा गाडी अंगावरच आली होती. ती पडली, कोपर सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा मानेवर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लाल वळ होता आणि पोळ्या लाटताना मान खाली घालता येत नव्हती. मी म्हटले, चल, चौकीत जाऊ. ती म्हणाली, "वन ग्रॅमचं होतं ताई, खरं नव्हतं. त्याच्यासाठी खाडा कशाला?" तिने तक्रार दिली नाही. हिसकावून केलेली चोरी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, हे मी तिला सांगितले. पण एका दिवसाची मजुरी बुडवून चौकीच्या बाकावर बसणे तिला परवडणारे नव्हते, आणि त्यासाठी मी तिला दोष देणार नाही.

आपल्या नोंदीत तो दिवस कोरा आहे, साहेब. त्या प्रसंगानंतर दोघींनी संध्याकाळची पाळी सोडली, त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. वस्तीतल्या मुली संध्याकाळच्या शिकवणीला जायच्या बंद झाल्या, म्हातारी माणसे पहाटे फिरायला बाहेर पडेनाशी झाली, तेही कुठे लिहिलेले नाही. ज्या रस्त्याने कुणी जातच नाही तिथे गुन्हा तरी कुणाचा होणार? नोंद नाही म्हणून दिवा बंद करायचा, दिवा नाही म्हणून माणसे यायची थांबतात, आणि माणसे नाहीत म्हणून नोंद आणखी कमी होते. आपल्या परिपत्रकाचा सगळा हिशेब या फेऱ्यावर उभा आहे. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार 'एकाआड एक' या पद्धतीबद्दल आहे. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस १९४४ ही संहिता आहे. मुख्य रस्त्यांवर सरासरी ३० किंवा १५ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आणि दुय्यम, कमी वर्दळीच्या रस्त्यांवर ८ किंवा ४ लक्स उजेड असावा, असे ती सांगते. पण तिच्यात आणखी एक अट आहे आणि ती लोकांना फारशी माहीत नसते. उजेड सारखा पडला पाहिजे. दुय्यम रस्त्यावरच्या सगळ्यात अंधाऱ्या जागीसुद्धा सरासरीच्या निदान ३० टक्के उजेड हवा. खांब मुळात तसा हिशेब करूनच रोवलेले असतात. मधला एक दिवा बंद केला की सरासरी अर्धी होते हे खरे, पण मधल्या पट्ट्यात तर जवळजवळ काहीच उरत नाही. आणि डोळ्यांचा स्वभाव असा की उजेडाची सवय क्षणात होते, अंधाराची व्हायला कितीतरी मिनिटे लागतात. पांढऱ्या एलईडीखालून चालत आलेल्या बाईला पुढच्या काळोखात काहीच दिसत नाही, आणि काळोखात उभ्या असलेल्याला ती दिव्याखालून येताना नीट दिसते. बचतीसाठी सगळेच दिवे थोडे मंद केले असते तर निदान रस्ता सलग दिसला असता. एलईडी मंद करता येतो. जुन्या सोडियम दिव्यांच्या काळात ही सोय सहज नव्हती, म्हणून एकाआड एकची पद्धत पडली असावी. दिवे बदलले, तशी पद्धतही बदलायला हवी.

तिसरी तक्रार सातच्या ठोक्याची. नोव्हेंबरच्या अखेरीस पश्चिम महाराष्ट्रात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, नागपूरकडे तर साडेपाचलाच. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. म्हणजे हिवाळ्यात साडेसहा ते सात हा वेळ रस्ता पूर्ण काळा. नेमक्या याच वेळी शाळा-क्लासेस सुटतात, कारखान्याची पाळी बदलते, बायका भाजी घेऊन परत येत असतात. सकाळीही तेच. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि आपले दिवे सहाला विझतात. दूधवाले, पेपर टाकणारी पोरे, सफाई कामगार, सातच्या शाळेची मुले, सगळी अंधारात. उलट जूनमध्ये सातला अजून ऊन रेंगाळत असते आणि दिवे जळत असतात. ही कसली बचत?

त्या अर्ध्या तासाला मी एवढे महत्त्व का देते, त्याला आधार आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे संध्याकाळी उजेड एक तास जास्त टिकतो. २००७ पासून त्यांनी हा काळ सुमारे चार आठवड्यांनी वाढवला. जेनिफर डोलिअॅक आणि निकोलस सँडर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाच्या आधीचे आणि नंतरचे गुन्हे तपासले आणि २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. लोक तेच, शहरे तीच, पोलीसही तेच. फरक फक्त संध्याकाळच्या उजेडाचा. दिवसभरातल्या जबरी चोऱ्या सुमारे ७ टक्क्यांनी घटल्या, आणि ज्या तासाला जादा उजेड मिळाला त्या तासात तर सुमारे २७ टक्क्यांनी. संध्याकाळी हुकलेल्या चोऱ्या पहाटेच्या अंधारात होऊ लागल्या, असेही दिसले नाही. लोक घरी परतत असतात तेव्हाच रस्त्यावर सावज असते, म्हणून त्या वेळचा उजेड सगळ्यात मोलाचा. भारतात आपण घड्याळ पुढेमागे करत नाही. तेव्हा आपल्याकडे हे काम खांबावरच्या दिव्यालाच करावे लागणार, आणि तो सूर्य मावळताना लागला पाहिजे.

दिव्यांनी गुन्हे कमी होतात का, यावर आपले अधिकारी वाद घालतील. घालावा. त्यांच्या बाजूचे अभ्यासही मी वाचले आहेत. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांनी रात्रीचे दिवे बंद किंवा मंद केले, त्याचा अभ्यास २०१५ साली आला. गुन्हे किंवा अपघात त्यामुळे वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. शिकागोत १९९८ नंतर मागच्या गल्ल्यांतले ९० वॅटचे दिवे काढून २५० वॅटचे लावले, तर नोंदलेले गुन्हे उलट वाढले. मी हे लपवणार नाही. पण इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी दिवे बंद होतात ते मध्यरात्रीनंतर, लोक घरात असताना. आपले परिपत्रक संध्याकाळी सातपासूनचे आहे. आणि शिकागोबद्दल मला वाटते, दिसू लागले म्हणून लोक सांगू लागले, हेही त्यामागे असणार. आमच्या कॅनॉलवर तर सांगणारा डोळाच नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावा मात्र वजनदार आहे. न्यूयॉर्क शहराने २०१६ साली जवळपास ८० सरकारी घरवसाहती निवडल्या, गुन्ह्यांचा त्रास जास्त असलेल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या आवारात मोठे, हलवता येणारे दिवे उभे केले, निम्म्यांत नाही. कुणाला दिवे द्यायचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले, म्हणजे नगरसेवकाचा वशिला नाही की कुणाची ओरड नाही. दिवे लागलेल्या वसाहतींत रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी, २००८ मध्ये, ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. दिवे सुधारलेल्या भागांत गुन्हे सुमारे २१ टक्क्यांनी घटले होते. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे दिवसाढवळ्या होणारे गुन्हेही कमी झाले होते. दिवसा तर दिव्याचा उजेड कामाचा नसतो. मग हे कसे? त्यांचे म्हणणे असे, की रस्त्यावर पैसा आणि लक्ष खर्च झालेले दिसले की तिथली माणसे त्या रस्त्याला आपला मानू लागतात, बाहेर बसतात, एकमेकांकडे लक्ष ठेवतात. आमच्या भागात याच्या नेमके उलट घडते आहे. दिवे बंद झाले तेव्हा वस्तीने त्याचा अर्थ एवढाच घेतला, की महापालिकेच्या लेखी आपण नाही.

आता आपल्या घरातले उदाहरण. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्यात स्वारगेटच्या एसटी आगारात, उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. स्वारगेट म्हणजे काही निर्जन जागा नव्हे. रात्रभर गाड्या, प्रवासी, टपऱ्या, सगळे जागे. उजेड आसपास भरपूर होता. ज्या बसमध्ये ती चढली तिथे नव्हता. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला, तेव्हा घाटांत आणि टेकड्यांवर दिवे आणि कॅमेरे लावायच्या घोषणा झाल्या. दिवा लागायला अशी बातमीच यावी लागते का? अंधाऱ्या जागांची यादी आधीच का नसते? दिल्लीत ती झाली. २०१३ साली सुरू झालेल्या सेफ्टीपिन या सुरक्षिततेच्या मोबाईल ॲपने तिथले रस्ते फोटो काढत पालथे घातले, आणि कुठे उजेड आहे, कुठे माणसांचा वावर आहे, कुठे पायी चालता येते, हे नकाशावर आणले. २०१६ साली तिथे ७,००० हून अधिक अंधाऱ्या जागा निघाल्या. ती यादी यंत्रणांच्या हातात गेली आणि काही वर्षांतच आकडा ३,००० च्या आत आला. मोजले, म्हणून कमी झाले.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण रोजच्या आहेत.

आमच्या चौकात खांबाला गुलमोहराने पुरते वेढले आहे. दिवा फांद्यांच्या वर. झाडाचा शेंडा लख्ख, खाली चिखल दिसत नाही. विद्युत विभाग म्हणतो उद्यान विभागाकडे जा, उद्यान विभाग म्हणतो छाटणीला परवानगी लागते, अर्ज करा. मला झाड तोडायचे नाही. तीन फांद्या छाटाव्यात, नाहीतर खांबाचा हात खाली आणून दिवा फांद्यांखाली घ्यावा.

तक्रारीचे ॲप खांबाचा नंबर मागते. नंबर खांबाच्या बुंध्याशी रंगवलेला, अर्धा उडालेला. जिथला दिवा बंद आहे तिथलाच नंबर अंधारात वाकून वाचायचा. तो कसाबसा टाकला की दोन दिवसांनी 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज येतो, दिवा तसाच. वायरमन येतात ते दुपारी. दुपारी बंद दिवा आणि चालू दिवा सारखाच दिसतो.

अतिक्रमणाच्या कारवाईत कॅनॉलच्या तोंडाशी असलेली भुर्जीची गाडी उचलली गेली. नियमात बसत नसेल. पण तिचा दिवा रात्री अकरापर्यंत असायचा, चार माणसे उभी असायची आणि गाडीवाल्याला येणारी-जाणारी प्रत्येक बाई ओळखीची होती. गाडी काढली तेव्हा तिथल्या उजेडाचे काय करायचे, हे कुणाच्या टिपणीत आले नाही.

पैशाबद्दल. आम्ही ग्रामपंचायतीत होतो तेव्हा घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर वेगळा लिहून यायचा. रक्कम थोडी होती, पण दिवा गेला की पावती घेऊन ग्रामसेवकाच्या टेबलापाशी जाता यायचे. महापालिकेत आल्यापासून कर कितीतरी वाढला आणि तो हक्क सांगायची जागा गेली. दिवाबत्ती ही काही मेहेरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही पथदिव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सोडियमच्या जागी एलईडी आले तेव्हा विजेचा मोठा खर्च वाचलाच. तो वाचलेला पैसा अंधाऱ्या रस्त्यांना मिळायला हवा होता. निर्भया निधी केंद्राने २०१३ साली १,००० कोटींनी सुरू केला, पण त्यातला सेफ सिटी प्रकल्प देशातल्या आठ महानगरांपुरता आहे आणि महाराष्ट्रातून त्यात एकटी मुंबई. आमच्यासारख्या शहराला तो आधार नाही, म्हणून तर आपल्या अंदाजपत्रकाकडेच डोळे लावावे लागतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. एकाआड एक दिवे बंद ठेवण्याचा निर्णय रद्द करावा. बचत करायचीच असेल तर रात्री बारानंतर, सगळे दिवे सारख्या प्रमाणात मंद करून करावी. कुठलाही दिवा पूर्ण बंद नको.

२. ठरावीक वेळेचे टायमर काढून रोजच्या सूर्यास्त-सूर्योदयाच्या वेळा भरलेले टायमर बसवावेत. दिवे सूर्यास्ताबरोबर लागावेत आणि सूर्योदयापर्यंत राहावेत. उन्हाळ्यात यातून वीज वाचेलच.

३. प्रत्येक प्रभागात अंधार पडल्यावर पायी पाहणी व्हावी. तिच्यात विद्युत विभागाचा अभियंता लक्समीटर घेऊन असावा, पोलीस ठाण्याचा माणूस असावा, आणि त्या रस्त्याने रोज चालणाऱ्या बायका असाव्यात. कुठे भीती वाटते आणि कुठला रस्ता सोडला, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे. नोंदलेल्या गुन्ह्यांबरोबर हेही दिव्यांच्या निर्णयात धरावे. अंधाऱ्या जागांची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी आणि दर तीन महिन्यांनी त्यातले किती काम झाले ते तिथेच लिहावे.

४. दिव्याची तक्रार बंद करताना अंधारात काढलेला, दिवा चालू असल्याचा फोटो जोडणे सक्तीचे करावे. खांबाचे नंबर डोळ्यांच्या उंचीवर, चमकणाऱ्या रंगात लिहावेत.

५. झाडे आणि दिवे यांच्यासाठी उद्यान आणि विद्युत विभागाने पावसाळ्याआधी एकत्र फेरी मारावी. नागरिकाला दोन खिडक्यांवर फिरवू नये.

६. यापुढे कुठल्याही रस्त्यावरचा उजेड कमी करायचा असेल तर आधी पोलिसांचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि तिथल्या रहिवाशांना पंधरा दिवसांची नोटीस द्यावी.

कॅनॉलच्या रस्त्याचे मात्र पाहणीसाठी थांबू नये. तिथले बंद केलेले दिवे याच आठवड्यात सुरू करावेत. त्यासाठी नवा खांब नको, निविदा नको. जे बंद केले ते चालू करायचे आहे.

या पत्राला महिनाभरात लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर आले नाही तर परिपत्रक काढताना कुठल्या रस्त्यांची पाहणी झाली, कुणी केली आणि पोलिसांचे मत घेतले का, ही माहिती आम्ही माहितीच्या अधिकारात मागू. सोबत वस्तीतल्या बायकांच्या सह्या जोडल्या आहेत. ज्यांनी अंगठा दिला आहे त्यांची नावे शेजारी लिहिली आहेत.

कळावे,

आपल्या शहरातली एक करदाती,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी

प्रत माहितीसाठी :
मा. पोलीस आयुक्त
मा. विद्युत विभागप्रमुख, महानगरपालिका
आमचे क्षेत्रीय कार्यालय